जेवून आलोय, आई

चर्चमधली पोरं त्यांना आमेनबाई म्हणायची. तोंडावर काकू, पाठ फिरली की आमेनबाई. त्यांच्या घरी जेवायला बसलं की समोर कितीही वाफाळतं ताट असो, त्यांची प्रार्थना संपून सगळ्यांच्या तोंडून खणखणीत 'आमेन' निघेपर्यंत चमच्याला हात लावायची सोय नसे. आणि प्रार्थना काही दोन ओळींत आटपणारी नव्हती. ती अन्नापासून सुरू व्हायची, मग ते पिकवणारे हात, मग मंडळीतले आजारी, तेही एकेकाच्या दुखण्यासकट, मग परीक्षेला बसलेली मुलं, नोकरी सुटलेले बाप, आणि शेवटी गाडी पुन्हा अन्नाकडे वळली की पोरांच्या जिवात जीव यायचा.

"अगं," त्यांचा नवरा म्हणायचा, "प्रभूनं केव्हाच ऐकलं. आता रस्सा ऐकतोय, आणि गार होतोय."

नवरा रंगारी होता. लोकांची घरं रंगवायची आणि डब्यात उरलेला रंग मालकाला विचारून घरी आणायचा, असा त्याचा शिरस्ता. त्यामुळे त्यांच्या स्वयंपाकघराची एक भिंत पिवळी, एक फिकट हिरवी, आणि ओट्यामागची तर अर्धी निळी आणि अर्धी पांढरी, कारण निळा तिथेच संपला होता. आमेनबाईंना त्या भिंतीची लाज वाटायची. तो म्हणायचा, "असू दे, पाहुण्यांना प्रार्थनेच्या वेळी बघायला काहीतरी हवं."

आमेनबाईंनी हा नियम कुठून आणला, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. आईवडील लहानपणीच गेले. काही महिने एका दूरच्या नातलगाकडे काढले, आणि त्या घरात ताट मिळेलच याची खात्री नसायची. मग कुणीतरी त्यांना चर्चच्या वसतिगृहात नेऊन सोडलं. पहिल्या संध्याकाळी लांबलचक टेबलांपाशी सगळ्या मुली उभ्या राहिल्या, डोळे मिटले, प्रार्थना झाली, आणि आमेन म्हणून डोळे उघडले तर समोर वाढलेलं होतं. त्या एवढ्याशा मुलीच्या मनात तेव्हापासून पक्कं बसलं, की आमेन म्हटलं की ताट येतं. पुढे मोठेपणी समज आली, वाढणाऱ्या बाया दिसल्या, त्यांचे दुखरे गुडघेही दिसले. पण भुकेल्या पोटी शिकलेली गोष्ट समजुतीला जुमानत नाही.

हाताला चव मात्र अशी, की नावं ठेवणारेही दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे. मटण-बटाट्याचा रस्सा आणि घरी भाजलेला पाव ही त्यांची खासियत. चर्चच्या मागे स्वयंपाकघर म्हणून एक पत्र्याची खोली होती, तिथे एक नळ आणि पुष्कळ झुरळं. त्यामुळे महिन्यातून एकदा उपासनेनंतर सगळे एकत्र जेवायचे, त्या प्रीतिभोजनाचा स्वयंपाक आमेनबाई आपल्या घरीच करायच्या. आदल्या दिवशी कांदा चिरायला नवरा बसायचा आणि डोळे पुसत म्हणायचा, "लोकांना वाटेल मी पापांसाठी रडतोय."

त्यांना एकच मुलगा. लहानपणी प्रार्थनेच्या वेळी तो एक डोळा मिटायचा आणि दुसऱ्याने पातेल्यातला सगळ्यात मोठा बटाटा हेरून ठेवायचा. आमेन म्हणायची घाई सगळ्यांत जास्त त्यालाच. शाळा झाली, मग तो लिफ्ट दुरुस्तीचं काम शिकला. उंच इमारतींच्या गच्चीवर जिथे लिफ्टचं यंत्र असतं, त्या खोल्यांतून दिवसभर काम करून संध्याकाळी हाताला ग्रीस माखून यायचा. आई ओरडायची, बाप हसायचा. घर चाललं होतं.

मग बाप अंथरुणाला खिळला. आयुष्यभर भिंती घासून आणि रंगाचा वास हुंगून त्याची फुप्फुसं कामातून गेली होती. डॉक्टरांनी हात टेकले, पण आमेनबाईंनी नाही. चर्चने उपास धरला, घरी रोज प्रार्थनासभा होऊ लागली, पाळकांनी उशाशी बसून सांगितलं की विश्वासाने मागा, मिळेल. आमेनबाई मुलाला म्हणाल्या, "बाबा उठणार. माझ्या मनाला तसं आश्वासन मिळालंय." मुलगा कामावरून लवकर येऊन बापाला चमच्याने सूप पाजायचा.

बाप उठला नाही. दफन झालं, माणसं आली, गेली, भांडी परत करायची ती परत केली गेली. आणि त्यानंतरच्या एका रविवारी, उपासनेहून आल्यावर, आई आणि मुलगा दोघंच टेबलावर बसले. रस्सा होता, पाव होता. आमेनबाईंनी डोळे मिटले आणि दुःखातसुद्धा तू आमच्यासोबत आहेस म्हणून आभार, असं त्या म्हणत असताना त्यांना चमच्याचा आवाज ऐकू आला.

त्यांनी डोळे उघडले. मुलगा जेवत होता.

"प्रार्थना चाललीय," त्या म्हणाल्या.

"तू कर. मी जेवतो."

"आधी आमेन म्हण."

"नाही म्हणणार, आई. कशासाठी आभार मानायचे, तेच मला कळत नाही."

"या घरात आमेन म्हटल्याशिवाय कुणी जेवलेलं नाही."

"माहीत आहे," तो म्हणाला. "बाबासुद्धा नाही."

"म्हणजे काय?"

त्याने चमचा खाली ठेवला. "शेवटच्या संध्याकाळी त्यांनी स्वतःहून सूप मागितलं होतं. आठवतंय? दोन दिवसांनी पहिल्यांदा तोंड उघडलं होतं त्यांनी. तू वाटी हातात घेतलीस आणि प्रार्थना सुरू केलीस. तुझे डोळे मिटलेले होते, माझे उघडे होते. ते तोंड उघडून थांबले होते, आई. पाखराच्या पिलासारखे. तू सगळ्यांसाठी मागत राहिलीस. तुझं आमेन होईपर्यंत त्यांची मान कलंडली होती. मग एक थेंबही आत गेला नाही."

माणसाला कधीकधी लाज इतकी जोरात लागते की ती रागाचं सोंग घेऊनच बाहेर पडते. आमेनबाई उठल्या. मुलाच्या पुढ्यातलं भरलं ताट त्यांनी उचललं, ओट्याकडे गेल्या, रस्सा पातेल्यात ओतला, पाव टोपलीत टाकला. "देवाला न मानणाऱ्याला माझ्या टेबलावर ताट नाही," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

मुलगा थोडा वेळ समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. मग उठून हात धुतले, पुसले. "ठीक आहे, आई," तो म्हणाला. आरडाओरडा नाही, आदळआपट नाही. थोड्या दिवसांनी त्याने शहराच्या दुसऱ्या टोकाला, कामाच्या जवळ पडते म्हणून, एक खोली घेतली आणि आपले कपडे घेऊन गेला.

नातं काही तुटलं नाही. तुटलं असतं तर कदाचित कुणीतरी मध्ये पडून सांधलं तरी असतं. तो दर रविवारी दुपारी यायचा. आईचं औषध आणायचा, दिव्याचं बटण बदलायचा, खिडकीची कडी बसवून द्यायचा. आमेनबाई दर रविवारी त्याच्यासाठी स्वयंपाक करून ठेवायच्या आणि दारातच विचारायच्या, "जेवलास का?"

"जेवून आलोय, आई."

चहा घ्यायचा. पहिल्यांदा कप हातात घेताना हसून म्हणाला होता, "चहाला आमेन लागत नाही ना?" त्या हसल्या नाहीत. पण अन्नाचा घास त्या घरात त्याने पुन्हा कधी तोंडात घातला नाही. वाढदिवस असो, पाहुणे असोत, पोटात कावळे ओरडत असोत. "जेवून आलोय, आई," आणि तेही इतक्या मऊ आवाजात, की त्यावर भांडताही येऊ नये.

तो गेल्यावर त्याच्यासाठी केलेलं सगळं आमेनबाई डब्यांत भरायच्या आणि मंडळीतल्या एकट्या, आजारी माणसांकडे पोचवायच्या. लोक म्हणायचे, काकूंचं मन केवढं मोठं.

ताटाची गोष्ट चर्चमध्ये कशी पोचली कोण जाणे. बहुधा त्यांनीच प्रार्थनासभेत रडता रडता सांगितली असावी. एका रविवारी पाळकांनी उपदेशात ती घेतली. आपल्यातल्या एका भगिनीने पोटच्या मुलापेक्षा देवाला वरचं स्थान दिलं, असं ते म्हणाले, आणि माना वळल्या. खोटं कशाला सांगायचं, आमेनबाईंच्या अंगावर त्या दिवशी मूठभर मांस चढलं. जे काही त्यांच्या मनात ठसठसत होतं, त्यावर कुणीतरी शिक्का मारून दिल्यासारखं झालं. त्या दिवसानंतर मागे फिरणं म्हणजे सगळ्या मंडळीसमोर मागे फिरणं होतं.

मुलाने लग्न केलं, सरकारी कचेरीत सह्या करून. सून औषधांच्या दुकानात गल्ल्यावर बसायची. रविवारी दुकान उघडं, तिची ड्यूटी सकाळपासून संध्याकाळपर्यंत. त्यामुळे तिचं सासूकडे येणं अधूनमधून, एखाद्या सुट्टीच्या दिवशी, चहापुरतं. कमी बोलणारी, नीटनेटकी मुलगी. चर्चशी तिचा संबंध नव्हता आणि आमेनबाईंनीही तो विषय काढला नाही. एवढं मात्र त्या शिकल्या होत्या.

एकदा, फक्त एकदा, गोष्ट हातातोंडाशी आली होती. लग्नाला काही वर्षं झाली होती. रविवार होता, मुलगा स्वयंपाकघरात मोरीच्या नळाखाली बसला होता. त्याच्या कानशिलांवर पांढरे केस आलेले त्यांना त्या दिवशी दिसले. बापाला इतक्या लवकर आले नव्हते. पातेल्यात मटण रटरटत होतं. काय झालं कोण जाणे, आमेनबाई म्हणाल्या, "आज थांब ना रे जेवायला."

त्याने वर बघितलं. हातात पाना, कोपरापर्यंत पाणी. "आमेन न म्हणता?"

'हो' एवढा एकच शब्द होता. तो घशातून जिभेपर्यंत आलाही होता. तेवढ्यात त्यांना चर्चमधल्या त्या वळलेल्या माना आठवल्या, पाळकांचा आवाज आठवला, आणि शब्द तिथेच थबकला. मुलगा थांबला होता. बराच वेळ थांबला होता, हे त्यांना नंतर रात्रंदिवस आठवत राहिलं. मग तो हसला आणि पाना पिशवीत टाकला.

"राहू दे, आई. वायसर बदललाय, आता गळणार नाही."

पुढच्या रविवारी तो नेहमीसारखा आला. त्या मनाशी म्हणाल्या, पुढच्या वेळी म्हणेन. आणि असे कितीतरी रविवार गेले.

त्याचा जीव गेला तो आठवड्याच्या मधल्या कुठल्यातरी दिवशी. गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत काम करता करता भिंतीला टेकून बसला, तो उठलाच नाही. हृदय, डॉक्टर म्हणाले. पस्तिशी नुकती आली होती. छातीत दुखतंय असं ना बायकोला सांगितलं होतं, ना आईला. फोन आला तेव्हा आमेनबाई चर्चच्या पावाचं पीठ मळत होत्या. हात तसेच पिठाचे, त्या खाली रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या, कुठे जायचं ते न कळून.

कब्रस्तानात बापाशेजारीच त्याला जागा मिळाली. तिथून आमेनबाईंचं घर जवळ, म्हणून माणसं तिकडेच आली. चर्चच्या बायकांनी आपापल्या घरून जेवण करून आणलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दुःखात डबे पोचवणाऱ्या बाईच्या टेबलावर त्या दिवशी परक्या चवीची पातेली मांडली गेली. सुनेला सगळ्यांनी धरून खुर्चीवर बसवलं. पाळक उभे राहिले, बायका पदर आवरून उभ्या राहिल्या, आणि सवयीने सगळे आमेनबाईंकडे बघू लागले. त्यांच्या घरात प्रार्थना दुसऱ्या कुणी केल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

आमेनबाईंनी डोळे मिटले. पहिला शब्द 'आभार' असायचा. तो येईना. कुणीतरी खाकरलं. सून कालपासून उपाशी होती, या घराची रीत तिला ठाऊक नव्हती. तिने पावाचा तुकडा मोडून तोंडात घातला.

"अगं, थांब!" चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाई कुजबुजल्या, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "प्रार्थना व्हायचीय अजून."

सुनेने हात मागे घेतला. तोंडातला घास तसाच ठेवून तिने खुर्ची मागे सरकवली. "मला तुमच्या पद्धती माहीत नाहीत," ती म्हणाली. "माफ करा. मी बाहेर थांबते."

आमेनबाईंनी तिचं मनगट धरलं. इतकं घट्ट, की नंतर तिथे वळ उठला होता.

"बस."

"नको, आई, तुमचं होऊ दे..."

"बस. जेव." आणि त्यांनी स्वतः तिच्या ताटात वाढलं. वाढताना रस्सा टेबलावर सांडला.

"काकू, निदान दोन शब्द..." ऑर्गनवाल्या बाई म्हणाल्या.

"तिला भूक लागलीय," आमेनबाई म्हणाल्या. "आधी जेवू दे तिला."

पाळकांनी मान खाली घातली आणि ओठ न हलवता काय ते म्हटलं असावं. मग सगळे गुपचूप जेवले.

माणसं पांगल्यावर दोघी स्वयंपाकघरात भांडी विसळत उभ्या होत्या. सून पुसून ठेवत होती. ती एकदम म्हणाली, "रविवारी मी त्यांच्यासाठी कधी काही करून ठेवलंच नाही. आता वाटतं, एखाद्या रविवारी तरी करायला हवं होतं."

"का नाही केलंस?" आमेनबाईंनी विचारलं. विचारायचं म्हणून.

"तुमच्याकडे जेवायचे ना ते." ती पुसलेलं ताट न्याहाळत होती. "मी घरी आले की विचारायची, आज आईंनी काय केलं होतं? मग सांगायचे. आज मटण होतं. आज वाटाणे घातले होते. आज पाव जरा जास्तच लाल झाला होता. असं सांगायचे ना, की मलाच भूक लागायची. घरी दोनदा त्यांनी तसा रस्सा करून बघितला. जमला नाही. म्हणाले, आईसारखा वास येत नाही."

आमेनबाईंच्या समोरचा नळ वाहत राहिला. पावाचा रंग ओट्यावर दिसत असे. वाटाण्यांचा वास घरभर असे. तो एकही शब्द खोटा बोलला नव्हता.

"माझ्याकडे तो जेवत नव्हता," त्या म्हणाल्या. "तो घरून जेवून येतो असं मला वाटायचं."

मग त्यांनी सगळं सांगितलं, सूप, प्रार्थना, ताट. काही लपवलं नाही. सून ऐकत उभी होती. ऐकून झाल्यावर तिने हातातलं फडकं घडी करून ओट्यावर ठेवलं.

"तुम्ही त्यांच्या पुढ्यातलं भरलं ताट उचललंत," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली. आणि चपला घालून निघून गेली.

मग तो जेवायचा कुठे, या एका प्रश्नाने आमेनबाईंना झोप लागेना. उत्तर त्यांच्या गल्लीच्या तोंडाशीच होतं. बसथांब्याजवळ एक गाडी उभी असायची, अंडं आणि पाव विकणारी. कित्येक वर्षं त्या तिच्या शेजारून चर्चला जात-येत होत्या. एका दुपारी त्या तिथे थांबल्या आणि मुलाचं वर्णन केलं. उंच, हातात हत्यारांची पिशवी, रविवारी येणारा.

"लिफ्टवाले साहेब!" गाडीवाल्याचा चेहरा उजळला. "दर रविवारी येतात की. हल्ली दिसले नाहीत. उभ्या उभ्याच खायचे. मी म्हणायचो, साहेब, बसा की बाकावर. तर म्हणायचे, आई वाट बघत असेल. मी म्हटलं, आईकडे चाललाय तर इथं काय खाताय? नुसते हसले."

"अजून काय म्हणायचा?"

"मजेशीर माणूस. अर्धा पाव खाऊन मला विचारायचे, हे जेवण झालं ना? मी म्हणायचो, साहेब, पोटात गेलं की जेवणच. मग म्हणायचे, झालं तर, जेवलो मी." तो हसला आणि मग त्यांच्याकडे बघून थांबला. "तुम्ही कोण त्यांच्या?"

त्यांनी सांगितलं. तो गेल्याचंही सांगितलं. गाडीवाल्याने स्टोव्ह बारीक केला, कपाळाला हात लावला. मग एक अंडं फोडलं, पाव भाजला आणि त्यांच्यापुढे धरला. त्या तिथेच उभ्या राहून खाऊ लागल्या. तेल जास्त होतं, पाव शिळा होता. तरी त्यांनी शेवटपर्यंत खाल्लं.

काही दिवसांनी त्या पाळकांना भेटायला गेल्या. चर्चच्या बाजूच्या खोलीत ते उपदेशाची तयारी करत बसले होते. आता त्यांचेही केस पिकले होते.

"पास्टर, त्या वेळी तुम्ही उपदेशात माझ्याबद्दल बोलला होता. मी मुलापेक्षा देवाला वरचं स्थान दिलं म्हणून."

पाळक आठवू लागले. बराच वेळ आठवत राहिले. "काकू, खरं सांगू?" ते शेवटी म्हणाले, "मला आठवत नाही. मी असं म्हणालो होतो?"

ज्या वाक्यामुळे आमेनबाईंचा 'हो' जिभेवर अडला होता, ते वाक्य बोलणाऱ्याच्या लक्षातसुद्धा नव्हतं.

"म्हणाला होता," त्या म्हणाल्या. "आणि मला आवडलं होतं. चूक तुमची नाही." मग म्हणाल्या, "शेवटच्या रात्री प्रभूनं भाकर मोडली, तेव्हा त्याला शत्रूंच्या हाती धरून देणारा शिष्यसुद्धा त्याच टेबलावर होता ना?"

"होता."

"आणि प्रभूला ते ठाऊक होतं."

"ठाऊक होतं."

"त्याचं ताट त्यानं उचललं नाही." आमेनबाई उठल्या. "आणि माझ्या पोरानं तर काहीच केलं नव्हतं. नुसतं बापाला भूक लागलेली बघितली होती."

पाळकांनी त्यांच्यासाठी प्रार्थना करू का विचारलं. नंतर करा, असं म्हणून त्या निघाल्या.

त्यांनी चर्च सोडलं नाही. अजूनही मागच्या बाकावर बसतात, प्रीतिभोजनाचा स्वयंपाक करतात, प्रभुभोजनाचा, म्हणजे प्रभूच्या त्या शेवटच्या रात्रीच्या आठवणीचा, पाव भाजून देतात. पण तो वाटला जातो तेव्हा त्या पुढे जात नाहीत. एकदा पाळक स्वतः थाळी घेऊन त्यांच्या बाकापर्यंत आले. त्यांनी मान हलवली. "आज नको," म्हणाल्या. पाळक परत गेले. असं बऱ्याचदा झालं. काही लोकांना वाटतं, काकूंचा विश्वास उडाला. तसं नाही. त्या रोज गुडघे टेकतात. फक्त सगळ्या मंडळीसाठी मागणारी ती लांब प्रार्थना आता होत नाही. पोरगा तिकडे भुकेला तर नाही ना, एवढंच त्या विचारतात, आणि मग पुढचं काही सुचत नाही.

सून त्यानंतर कित्येक महिने फिरकली नाही. मग एका रविवारी, दुकान लवकर बंद झालं म्हणून, दारात उभी राहिली. आमेनबाईंनी दार उघडलं.

"मी तुम्हाला माफ केलंय असं समजू नका," ती म्हणाली. "ते ज्या घराचा वास घेऊन यायचे, ते घर मला नीट बघायचं होतं."

"ये," त्या म्हणाल्या. "जेवशील?"

"हो."

आमेनबाईंनी वाढलं. डोळे मिटले नाहीत, हात जोडले नाहीत. सून सावकाश जेवली. मध्येच तिला हुंदका आला, पण ती जेवत राहिली. भिंतींच्या वेगवेगळ्या रंगांबद्दल तिने विचारलं, तेव्हा आमेनबाईंनी आपल्या रंगारी नवऱ्याबद्दल सांगितलं, निळा कसा संपला ते सांगितलं. दोघी जरा हसल्याही. निघताना सुनेने स्वतःचं ताट धुऊन ठेवलं.

अशी ती काही वेळा आली. मग तिला दुसऱ्या गावी, भावाजवळ, बरी नोकरी लागली. निरोप घ्यायला आली तेव्हा आमेनबाईंनी तिला पाव बांधून दिला आणि रस्सा कसा करायचा ते तोंडी सांगितलं. कांदा पुरता लाल होईपर्यंत घाई करायची नाही, तिथेच त्याचं चुकत असणार, लहानपणापासून त्याला सगळ्याची घाई. सुनेने मान हलवली. वाकून त्यांच्या खांद्यावर क्षणभर डोकं टेकलं आणि बस सुटेल म्हणून पळाली.

आता रविवारी उपासनेहून आल्यावर आमेनबाई घराचं दार उघडं ठेवतात. कुणीही यावं, बसावं, प्रार्थना म्हणावी किंवा म्हणू नये, जेवावं. कधी शेजारचं एखादं माणूस येतं, कधी चर्चमधली एकटी म्हातारी. पुष्कळदा कुणीच येत नाही. मग ऊन उतरल्यावर त्या पातेलं गार करतात, डबे भरतात आणि ते पोचवायला निघतात.